साडेपाच विती

४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. इथे पाऊल टाकल्या टाकल्या मॅनेजरबाईंनी मोबाईल काढून घेतला आणि पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. म्हणाल्या, "एकवीस दिवस मनाला सुट्टी." मी म्हटलं, मनाला नको, खांद्याला द्या. त्या नुसत्या हसल्या. इथे सगळेच नुसते हसतात. तुझ्या लेकीला साठीची भेट म्हणून मला इथेच धाडायचं कसं सुचलं, ते तिला एकदा विचारणार आहे.

जागेचं सांगते. चहूकडे वाळू, आणि मध्ये मातीने लिंपलेल्या अकरा खोल्या. माझ्या खोलीत दोन खाटा, एक माठ, एक आरसा. दुसऱ्या खाटेवर निवृत्त हेडमास्तरीण आहेत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चादर सरळ केली. दुपारी बारापर्यंत मौन असतं. मला ते जमतं आहे, मोठ्या बाईंना जमत नाही. त्या खुणा करतात आणि मी चुकीचं समजले की पाय आपटतात.

पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो, तो आपल्याच गावाहून. ड्रायव्हर भला माणूस आहे. दुकानावरूनच जातो म्हणाला, तेव्हा पत्र त्याच्याकडे दे, तो गाडीतल्या आरशामागे खोचून आणील.

उपचार असा: गरम वाळूत खड्डा करतात, त्यात निजवतात आणि गळ्यापर्यंत पुरतात. पुरणारी बाई आडव्या बांध्याची आणि कमी बोलणारी आहे. मी तिला वाळूबाई म्हणते. वर मुंडकं, खाली वाळू, आणि नाकावर माशी बसली तर हाकलायला हात नाही. मग तेल, मग शेक, मग कसलासा कडू काढा. पण मला खरा त्रास झाला तो झग्यांचा. सगळ्यांना एकाच मापाचे पांढरे झगे दिलेत. उंच माणसाच्या पोटऱ्या उघड्या आणि मोठ्या बाई झाडू मारत चालतात. बाह्यांचे मुंढे तर असे बेतलेत की कुणाचाही हात दुखेल. मला बघवत नाही.

हात अजून कानापर्यंत जात नाही. सहा महिन्यांचं दुखणं एका दिवसात जाणार थोडंच. जाईल.

दुकानाचं लक्षात आहे ना? माझी मोठी कात्री खिळ्यावर आहे, ती तिथेच राहू दे. नवं कापड आलं तर चिठ्ठी लावून फळीवर ठेव, मी आले की बेतीन. तू शिवायचं उरकत राहा.

तुझी वहिनी

७ मार्च

तीर्थरूप वहिनींना,

साष्टांग नमस्कार. प्रत्यक्षात मशीनवर बसूनच करते आहे, मांडीवर काजं करायच्या कपड्यांचा ढीग आहे.

तुमचं पत्र ड्रायव्हरकाकांनी दिलं तेव्हा दुकानात चार बायका होत्या. गळ्यापर्यंत पुरल्याचं वाचून दाखवलं तर एकीला उचकी लागली. तुमचे भाऊजी म्हणाले, "वहिनीला पुरून ठेवलं तरी ती मुंढ्याचीच चूक काढणार." मला राग आला नाही, कारण ते खरं आहे.

आता अडचण सांगते. काल मेट्रनबाई आल्या होत्या. पस्तीस वर्षांनी निवृत्त होतायत. एकोणीस तारखेला हॉस्पिटलमध्ये निरोपसमारंभ आहे. त्यांच्या मुलीने चार मीटर डाळिंबी रेशीम पाठवलंय, वहिनी, असं कापड आपल्या दुकानात आलेलं नाही. बाई म्हणाल्या, "आयुष्यभर पांढरं घातलं. त्या दिवशी मला पायघोळ, लाल, सुळसुळणारं काहीतरी घालायचंय." एवढं बोलून त्या लाजल्या. मेट्रनबाई लाजल्या, विचार करा.

तुम्ही चोवीसला येणार. म्हटलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे देऊ का? तर म्हणाल्या, "वीस वर्षं माझे गणवेश तुम्ही दोघींनी शिवले, आता शेवटच्या दिवशी परक्याकडे जाऊ?" कापड ठेवून त्या खेड्यापाड्यांत तपासणी शिबिराला निघूनही गेल्या. सोळाला परत येतील. नवं माप घ्यायचंही राहिलं.

वहिनी, मला टीप मारायला सांगा, इथून तुमच्या वाळवंटापर्यंत सरळ मारीन. पण कापडाला कात्री लावायची म्हटलं की मी दोन पावलं मागे सरकते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या, आठवतं ना? तुम्ही त्या बाजूला ठेवल्या. "तू शीव, मी बेतते" एवढंच म्हणालात. त्याला चोवीस वर्षं झाली. काय करू, कळवा.

तुमची धाकटी

ता.क. हात कुठपर्यंत आला?

९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. हात कानापर्यंत आला. वाळूबाई खूश आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग वाळूत पडल्या पडल्या विचार केला. तिथे दुसरं काही करताही येत नाही. मेट्रनबाईंना परत पाठवायचं नाही. त्या बाईने तुझ्या बाळंतपणात दोन रात्री पाठ टेकली नव्हती.

तर ऐक. कात्री खिळ्यावरून काढ. हे लिहिताना मला कसं वाटलं ते विचारू नकोस.

माझी निळी वही घे. मेट्रनबाईंचं पान मागून तिसरं. छाती साडेपाच विती, कंबर पाच विती आणि दोन बोटं, बाकी सगळं तिथे आहे. त्याबरहुकूम बेत. त्या आल्या तरी टेप लावायला जाऊ नकोस. टेप दिसला की माणूस पोट आत घेतं आणि श्वास धरतं, मग शिवलेलं अंगाला होतं ते फक्त श्वास धरलेल्या माणसाला. सासूबाईंनी म्हणून तर टेप घरात येऊ दिला नाही. बोलता बोलता पाठीवरून हात फिरवायचा, वीत टाकायची, समोरच्याला कळतसुद्धा नाही. वहीतली मापं तशी घेतलेली आहेत, डोळे मिटून विश्वास ठेव.

आणि रेशमाच्या शिवणीत जादा कापड ठेवू नकोस, फुगतं. नेमकं काप. बाह्या एक उजवी, एक डावी.

इथे आता मला चांगलं वाटतं. सकाळी वाळू गार असते, अनवाणी चालायला लावतात. काल एक वाटीसारखं भांडं कानाशी वाजवलं, त्याचा नाद म्हणे हाडात उतरतो. माझ्या हाडात उतरला की नाही माहीत नाही, मोठ्या बाई मात्र घोरायला लागल्या.

तुझी वहिनी

११ मार्च

तीर्थरूप वहिनींना,

नमस्कार. बेतलं.

काल सकाळी दुकान उघडायच्या आधी एकटीच गेले. कापड टेबलावर पसरलं, निळी वही समोर ठेवली आणि वीत टाकत टाकत खडूने खुणा केल्या. तीनदा मोजलं. मग कात्री काढली. वहिनी, केवढी जड आहे हो ती. तुम्ही ती इतकी वर्षं कशी चालवलीत? पहिला घाव घालताना मी डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण मिटून चालणार नव्हतं. नंतर मात्र कापड आपोआप उलगडत गेलं. तो आवाज. तो आवाज तुम्ही एकट्याच ऐकत होतात इतके दिवस, मला सांगितलं नाहीत.

बाह्या मांडून बघितल्या. एक उजवी, एक डावी. मी शेजारच्या घड्याळवाल्याला हाक मारून दाखवल्या, त्याला कळलं नाही काय बघायचं ते.

आणि गंमत म्हणजे कापड उरलं, बऱ्यापैकी उरलं. वाया कशाला घालवायचं म्हणून त्याच्या बारीक पट्ट्या कापून गळ्याला न् बाह्यांना गोट लावला, आणि चोवीस बटणं मढवली, कापड संपलं. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, तू गातेयस का?" मी खरंच गुणगुणत होते.

तुमचा हात कानापर्यंत आला हे वाचून सगळ्यांना बरं वाटलं. तुम्ही आलात की कात्री तुमची तुम्हाला. मी फक्त सांगून ठेवते की मला ते आवडलं.

तुमची धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. अक्षर वेगळं दिसेल, कारण माझ्या हातांना तेल लावलंय आणि कागद खराब होईल, म्हणून मोठ्या बाई लिहून घेतायत. (तेल वगैरे काही नाही. — लेखनिक) चार दिवस पत्र आलं नाही म्हणून काळजी करू नकोस, उपचार जोरात चालू होते. (उपचार बंद होते.) तू बेतलंस ते फार छान केलंस. मला खूप आनंद झाला. (हे वाक्य सांगायला त्यांनी बराच वेळ घेतला, पण ते खरं आहे असं माझं मत आहे.) कापड उरलं म्हणतेस ते मात्र मला कळलं नाही. माझा अंदाज चुकत नाही. हेवा (येथे लेखनिकाने 'हवा' लिहिले होते, दुरुस्त केले) वाटला, ते जाऊ दे, ते लिहू नका. (लिहिले गेले.)

हात बरा आहे. चोवीसला येते.

तुझी वहिनी

ता.क. — हा मजकूर मी त्यांना वाचून दाखवलेला नाही. मी छत्तीस वर्षं शाळा चालवली आहे, खोटं ऐकू येतं मला. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी तुमच्या वहिनी स्वयंपाकघरातून मोठी कात्री घेऊन आल्या आणि "बघू या हात कसा चालतो" म्हणत आम्हा सगळ्यांचे झगे बेतायला बसल्या. सहा झगे झाले, आणि खरं सांगते, इतका चांगला बसलेला कपडा मी जन्मात घातलेला नाही. सातव्याला त्यांचा खांदा जागीच अडकला. दोन दिवस त्यांना केसही विंचरता आले नाहीत, मी विंचरले. वाळूबाईंनी त्यांना पाचव्याच दिवशी सांगितलं होतं: हात वर जाईल, वेणी घालता येईल, पण उभं राहून, वाकून, जड कात्री चालवणं आता पुन्हा नाही. त्यांनी ते कुणालाही सांगितलेलं नाही. कुणीतरी सांगणं आवश्यक होतं, म्हणून सांगितलं.

१७ मार्च

तीर्थरूप वहिनींना,

नमस्कार. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्ही वाईट आहेत, म्हणून एका दमात सांगते.

पहिली. काल मेट्रनबाई शिबिरातून थेट दुकानात आल्या, ड्रेस घालून बघायला. ड्रेस अंगात गेला नाही. पडद्याआडून "अगं, हा खांद्याशीच थांबला" असा आवाज आला. छातीला चांगला चार बोटं कमी. कंबरेला तसाच. शिवणीत सोडायला कापड नाही, आणि उरलेल्याचे मी गोट आणि बटणं करून बसलेली. वहीत साडेपाच विती आहेत, मी साडेपाचच मोजल्या, परत परत मोजल्या. तरी कमी. मी स्टुलावर बसून रडले, गिऱ्हाइकासमोर. असं मी कधी केलं नव्हतं.

मेट्रनबाईंनी पडद्याबाहेर डोकं काढलं, मला बघितलं आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत मी याहून वाईट प्रसंग बघितलेत, आणि त्यातले बरेच सुधारले." मग त्यांनी नुकताच उतरवलेला गणवेश पडद्यावरून माझ्याकडे फेकला. "हा घे. एकोणीसनंतर मला कुठे लागणार आहे?" वहिनी, तो तुम्हीच बेतलेला, मी शिवलेला गणवेश. धुऊन धुऊन मऊ झालेला. घरी त्या माझा कामाचा झगा घालून गेल्या, तो त्यांच्या गुडघ्यापर्यंतच आला.

मी गणवेश उसवला. काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना त्याच्या पांढऱ्या लांब कळ्या, वर निमुळत्या खाली रुंद अशा पट्ट्या, घातल्या आणि लांबी कमी होती तिथे खाली पांढरी पट्टी जोडली. आज संध्याकाळी बाई येऊन घालून गेल्या, अंगाला बरोबर बसला. डाळिंबी, आणि चालताना मधून पांढरं दिसतं. आरशासमोर त्यांनी एक गिरकी घेतली आणि माझा हात थोपटला. मला अजून कळत नाही की ते छान झालंय की त्यांनी माझी दया केली. परवा समारंभ आहे, माझी झोप उडाली आहे.

दुसरी. तुमच्या हाताचं मला कळलं. मोठ्या बाईंवर रागावू नका. मला राग आलाय तो तुमचा. पाचव्या दिवशी कळलं आणि आम्हाला "कानापर्यंत आला" लिहीत होतात. मी इथे आनंदाने बटणं मढवत होते.

कात्री मी पुसून खिळ्यावर लावली आहे. तुम्हाला बेतता येणार नाही आणि मला बेतता येत नाही हे आता सिद्ध झालं. मग दुकानाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. पाटी उतरवायची असेल तर ती वेळ माझ्यावर आणू नका, तुम्ही आल्यावर उतरवा.

तुमची धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे, हळूहळू. ड्रायव्हर चहा पीत थांबलाय.

तुझं पत्र मोठ्या बाईंनी मला वाळूत पुरलेली असताना वाचून दाखवलं. 'परत परत मोजल्या, तरी कमी' इथे आल्या आणि मला एकदम हसू फुटलं. इतकी हसले की अंगावरची वाळू फाटली. वाळूबाई धावत आली, तिला वाटलं मला उष्णता बाधली.

अगं वेडे, तू तुझ्या वितीने मोजलंस. वही माझ्या वितीची आहे.

सोबतचा कागद उघड. माझा डावा पंजा ताणून ठेवला आणि उजव्या हाताने भोवती रेघ मारली. त्यावर तुझा हात ठेवून बघ. चोवीस वर्षं एका टेबलाशी बसून मी तुझ्या हाताकडे कधी बघितलंच नाही, आणि 'डोळे मिटून विश्वास ठेव' असं वर लिहिलं. चूक माझी. तू काही चुकली नाहीस.

आता जास्त शरमेची गोष्ट. माझ्याही बाबतीत हेच झालं होतं. सासूबाईंनी वही माझ्या हातात दिली तेव्हा मी त्यातून पहिला सदरा बेतला आणि तो इतका ढगळ झाला की त्यात दोन माणसं बसली असती. त्यांचा हात माझ्याहून लहान होता. त्यांनी तो घडी घालून ठेवला. एक कोरी वही आणली आणि म्हणाल्या, "प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाठीवरून आता तुझा हात फिरव." सहा महिने लागले. ती निळी वही म्हणजे तीच. हे मी साफ विसरले होते. मला वाटायला लागलं होतं की वही पहिल्यापासून माझ्याच हाताची आहे आणि शेवटपर्यंत राहणार.

हाताचं खरं सांगते. पाचव्या दिवशी वाळूबाईने सांगितलं तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग तुझं पत्र आलं, तुला कात्रीचा आवाज आवडल्याचं. मला फार वाईट वाटलं, धाकटे. चांगलंही वाटलं, पण आधी वाईट. म्हणून ते झगे बेतायला बसले, आणि वर खोटं लिहिलं. माझं चुकलं.

काल वाळूबाईसमोर मी बाकावर बसून खोटं खोटं मशीन चालवून दाखवलं, पाय हलवले, कापड सरकवल्यासारखं केलं. ती खांद्यावर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "हे करा. रोज करा. याने बरंच वाटेल." ती पहिल्यांदाच इतकी वाक्यं सलग बोलली.

तेव्हा पाटीला हात लावू नकोस. कात्री खिळ्यावरून काढ आणि खालच्या खणात ठेव, तुझ्या हाताला येईल अशी. आणि एक कोरी वही आण.

कळ्यांचं म्हणशील तर मेट्रनबाई कुणावर दया करत नाहीत. वीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या गणवेशाची कॉलर त्यांनी चार वेळा उसवायला लावली होती.

तुझी वहिनी

२१ मार्च

तीर्थरूप वहिनींना,

नमस्कार, या वेळी खरोखर वाकून केला.

कागद उघडला आणि तुमच्या पंजावर माझा पंजा ठेवला. करंगळीकडे आणि अंगठ्याकडे मिळून बोटभर रेघ बाहेर उरली. मी तिथेच दुकानात खो खो हसले, आणि मग थोडी रडले. घड्याळवाला आता माझ्याकडे काळजीने बघतो.

समारंभ झाला. मी मागच्या रांगेत जाऊन बसले होते, सोबत सुईदोरा घेऊन. मेट्रनबाई आत आल्या आणि सगळ्या नर्सेस उठून उभ्या राहिल्या. भाषणात बाई फार बोलल्या नाहीत. कळीचं पांढरं कापड चिमटीत धरून म्हणाल्या, "हा तुमच्यासोबतचा माझा शेवटचा गणवेश. तो मी घरी नेतेय." पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी चष्मे पुसले. नंतर दोन सिस्टर माझ्याकडे आल्या, आपल्यालाही असंच हवं म्हणून, आणि त्या निवृत्त व्हायला अजून पंधरा वर्षं आहेत. मी म्हटलं, तेवढ्यात मी बेतायला शिकेन.

नवी वही आणली. हिरवी मिळाली. समारंभानंतर मेट्रनबाईंना मिठी मारली आणि मारता मारता वीत टाकली, त्यांना कळलं नाही. पहिल्या पानावर लिहिलंय: मेट्रनबाई, छाती सहा विती. सोबत माझ्या पंजाचा कागद पाठवतेय, तुमच्या कागदाला जोड म्हणून.

आता एक राहिलं. निळी वही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. सगळ्या गावाची मापं आहेत, माझी आहेत, माझ्या लेकीची दर वर्षाची आहेत. तुमचं पान कुठेच नाही. तुम्ही कधी कुणाला माप दिलंच नाहीत. हिरव्या वहीचं दुसरं पान मी कोरं ठेवलंय. चोवीसला दारात उतरलात की आधी तिथेच उभ्या राहा, हात जमेल तेवढाच वर करा, आणि पोट आत घेऊ नका. तुमच्या साठीचा कपडा मी बेतणार आहे.

तुमची धाकटी

२३ मार्च

चि. धाकटीस,

उद्या टँकरमधूनच येते, ड्रायव्हर माझ्यासाठी एक जादा खेप करतोय आणि पुढची जागा ठेवलीय. मोठ्या बाई पुढच्या महिन्यात आपल्याकडे चार दिवस येतायत, त्यांना बाहेरचे झगे आता चालत नाहीत.

आज सकाळी माझी वेणी मी घातली.

तुझा कागद मिळाला, माझ्या पंजात ठेवून बघितला. लहान आहे, पण बोटं सरळ आहेत.

उभी राहीन. पोट आत घेणार नाही, इथल्या काढ्याने तसंही ते उरलेलं नाही.

तुझ्या मशीनचं स्टूल मला उंच होईल. दोन बोटं खाली करून ठेव. तुझ्या बोटांनी मोज.

तुझी वहिनी